दोन वॅटचा दिवा

बोर्डावर लिहिलंय, रेणुका ऑटो इलेक्ट्रिकल्स, संकेश्वर.
लोकांना वाटतं, सौंदत्तीच्या देवीचं नाव.
नेमगोंडा मगदूमलाही तसंच वाटलं असणार.
पिकअपमधून उतरला
आणि दुखणं सांगू लागला इरफानला.
इरफान सोळा वर्षांचा, टेस्टर अजून उलटा धरतो.
मी स्टुलावर बसून कुणाच्या तरी स्टार्टरचे ब्रश घासत होते.

"सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या घातल्या बघ.
सकाळी किल्ली फिरवली की नुसतं कट् कट्.
मग उतारावर लावतो. ढकलली की पेटती.
डिझेल गाडी, एकदा पेटली की वीज कशाला मागंल?
दिवसभर पळती.
रात्री मात्र लाइट
तापातल्या माणसाच्या डोळ्यागत."

पट्टा दाबून पाहिला, ताठ होता.
टर्मिनलवर बुरशी नाही, अर्थची वायर चेसीला घट्ट.
बंद गाडीवर मीटर बारा पॉइंट एक.
चौघांनी गुळाच्या वखारीपर्यंत ढकलली,
घरघरत परत आली,
अकरा पॉइंट आठ.
जातंय तेवढंच. येत काही नाही.

हत्तरगीला कुणीतरी सांगितलेलं,
अल्टरनेटरच बदला, साडेनऊ हजार.
पैसे खिशात घेऊनच आला होता.

मी विचारलं, "गाडी कुठं कुठं थांबते?"
तो इरफानकडं बघत म्हणाला,
"दुधाची लाइन हाय. अम्मणगी, निडसोशी, गोटूर.
दर पन्नास पावलांवर कॅन. गाडी न्यूट्रलला."
"आणि बरी कधी असते?"
आता मान वळली.
"निपाणीला गेलो की. तवंदी घाट चढला,
की दुसऱ्या दिवशी एका किल्लीत चालू.
बायको म्हणती, स्तवनिधीच्या देवाची कृपा."

देवाचं मला माहीत नाही.
घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन ओरडतं
आणि लोखंडात उरलेल्या जुन्या ओढीवर
अल्टरनेटर आपणहून जागा होतो.
सपाटीवर त्याला हाक मारावी लागते.

"किल्ली अर्धीच फिरवा. चालू करू नका."
ऑइलचा दिवा लागला. हँडब्रेकचा लागला.
बॅटरीचा चौकोन काळाच.
"हा?"
"तो आधी लागायचा की, बाई. मग बंद झाला.
म्हटलं बरं झालं, दुखणं गेलं."

चार स्क्रू. मीटरची पेटी पुढं ओढली.
हरभऱ्याएवढा बल्ब, आतून काजळलेला,
तार तुटून एका बाजूला.
याच्यातूनच जाते पहिली चिमूटभर वीज,
शेजारणीनं विस्तवासाठी दिलेल्या
एका निखाऱ्याएवढी.
त्यावर अल्टरनेटरची चूल पेटते
आणि ती पेटली की हा विझतो.
विझलेला बरा, ते खरंच.
पण आधी लागून.

अण्णांच्या तपकिरीच्या डबीत मी बल्ब ठेवते.
सगळ्यांना थोडा वास लागलाय.
नवा बसवला. इरफान शिंकला.
दुसऱ्या बॅटरीवरून जंप दिली.
लाल.
एक श्वास.
विझला.
चौदा पॉइंट एक.

तोवर दिवेलागण झाली होती.
हेडलाइट समोरच्या गोदामावर पडले,
वर ताजी कन्नड अक्षरं,
खाली चुन्यातून वर आलेलं जुनं मराठी, "खत मि",
पुढचं पोपड्याबरोबर गेलेलं.
दिवसा हे कधी दिसत नाही.

"किती झालं?" त्यानं इरफानला विचारलं.
इरफाननं टेस्टर माझ्याकडं केला, उलटाच.
"बल्बचे वीस. ऐकल्याचे दोनशे."
"ऐकल्याचे?"
थोडा थांबला, मग हसला. "हौद्री, बरोबर हाय."
नोटा माझ्या हातात दिल्या.

जाताना काचेतून डोकं काढून म्हणाला,
"पहिली बॅटरी भंगारात घातली मी, आठशेला.
ती तरी खराब होती ना?"
मी ब्रश घासत राहिले.
म्हटलं, "असंल."